आधी आडवं, मग उभं

तन्वी, मागच्या रविवारी फोनवर तू रडवेल्या आवाजात विचारलंस, "आजी, गणितात अक्षरं कशाला आणतात? आकडे संपले का?" मागून ईशान ओरडला, "हिला ग्राफवर साधा पॉइंटपण काढता येत नाही!" मी म्हटलं, भांडू नका, लिहून कळवते. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, ते समोरच्या घरात आहे. मधे ते घर बंद होतं. आता उघडलं आहे, म्हणून मला आज शांतपणे लिहायला बसता येतंय.

समोरच्या घरात मडलगे अक्का राहतात. तुम्ही दोघं इथे आलात की रिक्षा थांबायच्या आत ज्यांच्या गॅलरीतून "कोण आलंय गंऽऽ?" अशी हाक येते, त्या. अक्का आणि मी एकाच मुलींच्या शाळेत होतो. त्या गणित शिकवायच्या. आमच्या वर्गांच्या मधे भिंत नव्हती, नुसता प्लायवूडचा आडोसा होता. माझ्या बाजूला एखादी हळुवार इंग्रजी कविता चाललेली असायची आणि पलीकडून अक्कांचा आवाज यायचा, "अगं, उणे गुणिले उणे किती? तोंडात काय गूळ धरलायस?" माझ्या मुली खाली मान घालून हसायच्या. मीही कवितेत तोंड लपवून हसायची.

अक्का मूळच्या नेसरीच्या. घरात अर्धं मराठी, अर्धं कानडी. उंच, हाडापेराने मजबूत. कपाळाला विभूती, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, पदर कायम खोचलेला. त्यांना हळू बोलता यायचं नाही. शाळेत प्रार्थनेनंतर दोन मिनिटं मौन असे, त्यातही शेजारच्या बाईंना त्या जे काही सांगत ते मागच्या रांगेपर्यंत पोचे. मी कॉन्व्हेंटात शिकलेली, रुमालाला इस्त्री करणारी. आमची मैत्री कशी झाली याचं शाळेत सगळ्यांनाच नवल वाटे. अक्का म्हणत, "ही बोलत न्हाय, मी ऐकत न्हाय. भांडण हुणार कुठनं?"

आता तुझा प्रश्न, तन्वी. तो तुझ्याआधी एका मुलीने प्लायवूडच्या पलीकडे विचारला होता, तेव्हा मी ऐकत होते. आठवीचा वर्ग. फळ्यावर अक्कांनी पहिल्यांदा 'क्ष' काढला होता. तुमच्या पुस्तकात एक्स असतो, तोच हा. पुस्तकांत एक्स आणि वाय येऊन किती वर्षं झाली, पण अक्कांच्या फळ्यावरून क्ष आणि य कधी गेले नाहीत. मंदा नावाची एक पोरगी होती, फार धीट. ती म्हणाली, "बाई, आकड्यांचंच मला जमत न्हाय, त्यात आता अक्षरं घातलीसा. मी उद्यापासनं येत न्हाय."

मला वाटलं, आता मंदाचं काही खरं नाही. पण अक्कांनी पिशवीतून डब्याची वाटी काढली असावी, कारण टेबलावर ती उपडी ठेवल्याचा आवाज मी ऐकला. त्यांच्या पिशवीत चिंचोके नेहमी असायचे. मधल्या सुट्टीत त्या मुलींबरोबर चिंचोके खेळायच्या आणि हरल्या की चिडायच्या.

"मंदे, हिच्याखाली चिंचोके हायत. किती?"

"मला काय म्हायती!"

"म्हायती न्हाय ना? मग त्याला नाव दे. नाव न्हाय दिलं तर हाक कशी मारशील? क्ष म्हण. आता बघ, ह्यो क्ष आणि भाईर हे तीन, सगळे मिळून अकरा हायत. आता सांग."

मग मंदाचा आवाज आला, "पण बाई, वाटी उचला की! एवढा ताप कशाला?"

सगळा वर्ग हसला. माझाही हसला. अक्का सुद्धा हसल्या, पण मग जे म्हणाल्या ते मला अजून त्यांच्याच आवाजात ऐकू येतं. "उचलता येत न्हाय तवाच गणित लागतं गं, पोरी. उचलता आली असती तर मोजलेच असते की."

मंदा दुसऱ्या दिवशी आली. पुढेही येत राहिली. अडली की अक्का तिला एवढंच म्हणत, "सापडंल. नाव दिलंयस न्हवं? मग पुढं लिहीत ऱ्हा."

ईशान, ग्राफचं म्हणशील तर ते अक्का वर्गात शिकवत नसत. शाळेच्या अंगणात शहाबादी फरशी होती, चौकोनी. त्यावर त्या खडूने दोन लांब रेघा मारायच्या, एक आडवी, एक उभी. जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे मोठं शून्य. मग एकेका मुलीला हाक. "शैला, चार, दोन!" शैलाने शून्यापासून उजवीकडे चार फरश्या चालायचं, मग तिथून वर दोन. कुणी आधी वर गेली की अक्का अंगणभर गरजायच्या, "आधी आडवं, मग उभं! पावणा घरी आला की आधी दारातनं आत येतो, मग जिना चढतो. रस्त्यावर जिना असतो व्हय?"

एकदा तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब आले होते. ते अंगणातून चालत आले आणि नेमके त्या छेदावर येऊन उभे राहिले. "हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"बिंदू चाललेत, पावणं," अक्का म्हणाल्या. "तुमी जरा हलू नकासा. तुमी शून्य हायसा."

मुख्याध्यापिकाबाईंचा चेहरा पांढरा पडला. साहेब म्हणाले, "मी शून्य?"

"व्हय. सगळ्या पोरी तुमच्यापासनं मोजत्यात. तुमी हललासा तर सगळ्यांचंच चुकंल."

साहेब तास संपेपर्यंत उन्हात तसेच उभे राहिले, फाइल डोक्यावर धरून. जाताना त्यांनी शेरा काय लिहिला ते मला माहीत नाही, पण मुख्याध्यापिकाबाई त्या संध्याकाळी हसत घरी गेल्या एवढं खरं.

निवृत्तीनंतर अक्कांनी गणित घरात आणलं. संध्याकाळी त्यांच्या गॅलरीत गल्लीतल्या मुली शिकायला बसत. आमच्या गल्लीतल्या तालमीची पोरं रस्त्यावर फुटबॉल खेळतात हे तुम्ही पाहिलंय. चेंडू अक्कांच्या खिडकीच्या जाळीत अडकला की पोरं खालून ओरडणार, "अक्का, बॉल!" आणि वरून अक्का, "कुठं हाय? नीट सांग." जाळी चौकोनांची. आडवे किती, उभे किती, हे बरोबर सांगितल्याशिवाय चेंडू मिळत नसे. शिवाजी पेठेतली ती दांडगी पोरं मान वर करून बोटाने चौकोन मोजत उभी असायची.

आणि त्यांचं स्वयंपाकघर. भिंतीला डब्यांची लोखंडी मांडणी आहे, सगळे डबे एकसारखे, एकावरही नाव नाही. डाव्या कोपऱ्यात खाली गॅसचा सिलिंडर. सिलिंडर म्हणजे शून्य, शून्य. तिथून उजवीकडे मोजायचं, मग वर. मी चहाला गेले की त्या गॅसपाशी उभ्या राहून सांगायच्या, "साखर दोन, तीन." मी हमखास तिसऱ्या फळीवर आधी नजर टाकायची आणि मग उजवीकडे सरकताना चुकायची. पुस्तक वाचायची सवय, दुसरं काय. वरून सुरुवात करायची.

माझ्या डब्यांना नावं आहेत हे तुम्हाला माहीत आहे. छापील, इंग्रजीत. अक्कांनी एकदा माझ्याकडचा 'शुगर' लिहिलेला डबा उघडला, तर आत रवा. कितीतरी दिवस टोमणे मारत होत्या. "शरयू, नाव लिवलं की आपण फसतो बघ. डब्याची जागा हलत न्हाय, आत काय ते बदलतं. जागा ध्यानात ठेव."

आता जे झालं ते सांगते. श्रावणात एका सकाळी अक्कांच्या दाराच्या कडीला दुधाची पिशवी तशीच लटकत होती. पेपर उंबऱ्यावर. हाक मारली तर उत्तर नाही, आणि अक्कांच्या घरातून उत्तर नाही म्हणजे काहीतरी वाईट आहे हे सांगायला डॉक्टर लागत नाही. माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं. त्या मांडणीपाशी जमिनीवर बसल्या होत्या, उजवा हात मांडीवर पडलेला, तोंड वाकडं. चेंडूसाठी मान वर करून उभी राहणारी तीच पोरं धावत आली आणि त्यांना खुर्चीत बसवून, खुर्चीसकट उचलून खाली घेऊन गेली.

जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, धोका टळला आहे, पण मेंदूत जिथे शब्द असतात त्या भागाला मार बसला आहे. शब्द परत येतील का, किती येतील, समजतंय किती, हे आत्ता सांगता येणार नाही.

नेसरीहून अक्कांचा पुतण्या आला. बसवराज, पण सगळे बसूच म्हणतात. उसाची शेती, दारात म्हशी. मोठ्या देहाचा, मऊ मनाचा माणूस. लहानपणी सुट्टीत अक्का गावी गेल्या की ह्यालाच समोर बसवून गणित शिकवायच्या. तो रात्रंदिवस त्यांच्या उशाशी बसून होता.

एका सकाळी डॉक्टरांनी अक्कांना पेन दाखवलं. "आजी, हे काय आहे?"

अक्का कष्टाने म्हणाल्या, "क्ष."

घड्याळ दाखवलं. "क्ष." मग बसूकडे बोट केलं, हे कोण? अक्कांनी बसूकडे पाहिलं, डोळे भरून आले, आणि पुन्हा तेच. "क्ष."

बसू बाहेर गेला आणि कॉरिडॉरच्या खिडकीशी तोंड करून उभा राहिला. मी मागे गेले तेव्हा म्हणाला, "काकू, आत्याचं डोकं गेलं. समद्यालाच क्ष म्हणतीया. आता एकटी ऱ्हाणं न्हाय, शिकवणं न्हाय. डिस्चार्ज मिळाला की नेसरीला नेतो, हितलं घर बंद करतो. काय कमी पडू द्यायचो न्हाय मी तिला."

तो चुकीचं बोलत नव्हता. आणि त्याने त्यांना जीवापाड सांभाळलं असतं हेही मला माहीत होतं. पण मला दिसत होतं ते असं: गावच्या घराच्या पुढच्या सोप्यातली एक खुर्ची, स्वच्छ साडी, वेळेवर जेवण, आणि अक्कांशी कुणी बोलत नाही, सगळे त्यांच्याबद्दल बोलतात. संध्याकाळी गॅलरीत बसणाऱ्या मुली नाहीत. ज्या बाईने जन्मभर कुणाला गप्प बसू दिलं नाही, तिला सगळे मिळून गप्प बसवणार. आतली अक्का आहे की गेली, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. मलाही नाही.

दुपारी मी त्यांच्याजवळ बसले होते. अक्का अस्वस्थ होत्या. "क्ष," त्या म्हणाल्या. नर्सने पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी मान हलवली. "क्ष... गरम." नर्सने गरम पाणी आणलं. अक्कांच्या कपाळावर आठी चढली. ती आठी माझ्या ओळखीची होती. "क्ष... गरम... दूध घालून... सकाळी..."

मी म्हटलं, "चहा?"

त्यांच्या वाकड्या तोंडावर हसू पसरलं आणि डाव्या हाताने त्यांनी हवेत खूण केली. बरोबरची खूण, वहीवर करतात तशी.

अक्का बडबडत नव्हत्या. जो शब्द सापडत नव्हता त्याला त्यांनी नाव दिलं होतं, आणि नाव देऊन त्या पुढे लिहीत होत्या. एकेक अट सांगत होत्या आणि उत्तर काढायचं काम आमच्यावर टाकत होत्या. त्यांचं डोकं आता उपडी वाटी झालं होतं. ती उचलून बघता येत नव्हती. बाहेर जे येतंय त्यावरूनच आत काय आहे ते काढायचं होतं.

मी बसूला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, पण पटलं नाही. "काकू, तुमचा जीव हाय तिच्यावर, म्हणून तुमाला तसं दिसतंय. च्या तर कुणीबी ओळखंल." त्याने गाडीसुद्धा सांगून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी जेवणात खिचडी आली, दवाखान्याची, पांढरी आणि मऊ. अक्कांनी एक घास घेतला आणि ताट ढकललं. "क्ष," त्या म्हणाल्या. मग, "चार... एक."

"बघा," बसू हळूच म्हणाला, "आता आकडे बडबडाय लागली."

"क्ष! चार, एक!" अक्कांनी डाव्या हाताने पलंगाच्या दांड्यावर थाप मारली आणि माझ्याकडे पाहिलं. बसूकडे नाही, माझ्याकडे.

मला एकदम मांडणी दिसली. मी बसूला म्हटलं, "मी आलेच." रिक्षा केली, घर गाठलं, अक्कांच्या स्वयंपाकघरात शिरले. चौथी फळी, पहिला डबा. स्टुलावर चढून काढला आणि न उघडता तसाच घेऊन परत आले.

अक्कांनी डाव्या हाताने झाकण ढकललं, डबा नाकाशी नेला. आत शिकेकाई होती.

त्यांनी आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नजर तीच, शाळेच्या अंगणातली. ओठ हलायला लागले. जीभ अडखळत होती, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. आणि मग सगळा वॉर्ड वळून बघेल अशा आवाजात, जुन्या आवाजात, त्या गरजल्या.

"आधी... आडवं! मग... उभं!"

आजारी पडल्यापासूनचं ते त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य होतं. शेजारच्या पलंगावरची बाई उठून बसली. मी बसूकडे पाहिलं. तो एवढा मोठा माणूस लहान पोरासारखा उभा होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"हेच म्हणायची," तो म्हणाला. "नेसरीला, सोप्यात बसवून. हेच म्हणून पाठीत धपाटा घालायची. काकू, आत्या हाय. आत्या आतच हाय."

मग तो डोळे पुसत म्हणाला, "किल्ली द्या. मी जातो. तुमाला जमायचं न्हाय."

तासाभराने तो डबा घेऊन आला. सिलिंडरपासून उजवीकडे चार, मग वर एक. कांदा-लसणाची चटणी, अक्कांनी उन्हाळ्यात स्वतः केलेली. डॉक्टरांनी चिमूटभर चालेल म्हटलं. अक्कांनी त्या चिमटीकडे पाहून नाराजीने मान हलवली, पण खिचडी संपवली. बसूने बाहेर जाऊन गाडीवाल्याला फोन केला. "नको आता," एवढंच मला ऐकू आलं.

तेव्हापासून मला नीट झोप लागते आहे.

अक्का घरी येऊन आता बरेच दिवस झाले. बसूची एक चुलत बहीण सोबतीला राहते. बोलायचा व्यायाम शिकवायला एक तरुण बाई येतात आणि अक्का त्यांनाच ओरडतात, म्हणून व्यायाम दुप्पट होतो. पुष्कळ शब्द परत आले आहेत. चहा आला, घड्याळ आलं. बसू हे नाव परत आलं त्या दिवशी त्याने आमच्या सगळ्या गल्लीला खरवस वाटला. काही शब्द अजून वाटेत आहेत. माझं नाव त्यातलंच एक. मला त्या 'य' म्हणतात. सुरुवातीला मला थोडं लागलं, खोटं कशाला सांगू.

काल संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. गॅलरीत पुन्हा मुली बसल्या होत्या. एक नवीन होती, आठवीतली, वेणीला लाल रिबीन, चेहरा अगदी तुझ्यासारखा रडवेला, तन्वी. तिच्यासमोर अक्कांनी स्टीलची वाटी उपडी ठेवली होती. उजव्या हाताला अजून जोर नाही, म्हणून ती डाव्या हाताने दाबून धरली होती, कुणी उचलू नये म्हणून.

मला पाहून मुलीने विचारलं, "अक्का, ह्या कोण?"

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. शब्द शोधला, सापडला नाही. मग अजिबात न घाबरता, एकेक करत, वर्गाला उदाहरण घालतात तशा म्हणाल्या, "ही... य. समोर ऱ्हाती. इंग्रजी शिकवायची. च्यात साखर... न्हाय." थोडं थांबल्या. "जिना आधी चढती. आणि... दार उघडून पयली हीच आली."

मुलीने विचारलं, "पण नाव काय त्यांचं?"

"सापडंल," अक्का म्हणाल्या, आणि वाटीवर बोट आपटलं. "तू लिहीत ऱ्हा."